टोळ्या निघायच्या आत वसतिगृह उघडा : मराठवाड्यातल्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद,
बीड, जालना, धाराशिव, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर.
प्रत : मा. साखर आयुक्त, पुणे.

सादर नमस्कार.

आषाढ सरत आला की आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमांच्या मोटारसायकली वाड्या-तांड्यांवर दिसायला लागतात. उचल म्हणजे आगाऊ रक्कम वाटली जाते, कागदावर सह्या-अंगठे होतात आणि कोणतं जोडपं कोणत्या साखर कारखान्याला ऊस तोडायला जाणार हे पक्कं होतं. दिवाळीनंतर कोणत्या घरातली लेकरं शाळेत नसणार, हेही त्याच वेळी पक्कं होतं. मुकादमाला ते ठाऊक असतं. किराणावाल्याला ठाऊक असतं, कारण टोळी निघायच्या आत त्याला उधारी वसूल करायची असते. वर्गशिक्षकाला तर नावानिशी ठाऊक असतं. तरीही आई-बाप तोडणीला गेले असताना लेकरांना गावातच सांभाळणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला फिरत राहतो आणि मंजुरी हातात पडते तोवर कितीतरी गावांत डिसेंबर उजाडलेला असतो. लेकरं केव्हाच ट्रॉलीत बसून गेलेली असतात.

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवलं, आता निवृत्त आहे. माझी मागणी साधी आहे. वसतिगृह दसऱ्याच्या आधी उघडा, आणि ज्या तान्ह्या भावंडापायी थोरल्या मुलीला फडावर, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या शेतावर, न्यावं लागतं त्या तान्ह्याची सोय तिकडे करा. या दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. एक केली आणि दुसरी सोडली तर पहिलीही वाया जाते, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

बालकामगार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ढाब्यावर कपबशा विसळणारा, गॅरेजात पाना धरून बसलेला किंवा वीटभट्टीवर विटा उलथणारा मुलगा येतो. तोही आपल्या जिल्ह्यांत आहेच. कापूस वेचणीला शाळा बुडवून जाणारी पोरंही आहेत. पण हे मूल निदान दिसतं, त्याचा मालक दाखवता येतो, कुणीतरी १०९८ ला फोन लावतं आणि प्रकरण बालकल्याण समितीपुढे जातं. फडावरच्या मुलीला कुणी कामावर ठेवलेलंच नसतं. मुकादमाच्या वहीत तिच्या आई-बापाचं नाव असतं, दोघं मिळून एक कोयता. कारखान्याच्या हजेरीत तर आई-बापही नसतात, कारण तोडणी-वाहतुकीचा करार मुकादमाशी नाहीतर वाहनमालकाशी होतो. जिथे आईच कुणाची कामगार म्हणून नोंदलेली नाही, तिथे तिच्या मुलीबद्दल जाब कुणाला विचारायचा?

नोकरीत असताना एका जानेवारीत मी कोल्हापूरकडच्या एका फडावर माझ्या शाळेतल्या मुलांना भेटायला गेले होते. पाचवीतली एक मुलगी तिथे होती. हुशार, पाढे तोंडपाठ, अक्षर वळणदार. पहाटे चारच्या आधी तिची आई भाकरी थापायला बसते तेव्हा ही चुलीत पाचट सारायला बसते. टोळी फडात शिरली की बांधावरच्या बाभळीला झोळी बांधायची आणि त्यात दहा महिन्यांच्या भावाला निजवायचं. तो झोपला की हिने वाढे गोळा करायला जायचं. उसाच्या शेंड्यांच्या त्या पेंढ्या गावातले जनावरंवाले विकत घेतात, त्यावर रोजचं तेल-मीठ भागतं. तिच्या दोन्ही हातांवर पात्यांच्या बारीक चिरा होत्या, काही ताज्या, काही वाळलेल्या. दुपारी हंडा घेऊन विहिरीवर. बैलगाडीची टोळी असेल तर बैल पाण्यावर नेणंही पोरांकडेच. रात्री ट्रक भरायला आला तर बॅटरी धरायची, मोळ्या ओढून द्यायच्या. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी तिची आई मी त्या रात्री पाहिली, आणि खाली उभ्या असलेल्या या मुलीच्या कडेवर भाऊ होता, दुसऱ्या हातात बॅटरी.

दिवसभर काय करतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही बाई, बाळाला बघते." तिची आईही मनापासून म्हणाली, "आम्ही न्हाई तिला कामाला लावीत. नुस्तं लेकरू धरती." दोघींनाही ते खरंच वाटत होतं. २०११ च्या जनगणनेत देशभरात ५ ते १४ वयाची १ कोटी १ लाख मुलं कामाला असल्याची नोंद झाली. ही मुलगी अशा कुठल्याच आकड्यात येणार नाही. गणना करणारा दारात आला तरी तिची आई हेच उत्तर देईल.

कायदा मात्र स्पष्ट आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून १४ वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवायला बंदी आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवता येत नाही. ठेवणाऱ्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. घरच्या कामाला हातभार लावायची मोकळीक कायद्याने ठेवली आहे, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत. अधिकारी मंडळींशी बोलताना या मोकळिकीचा आधार घेतलेला मी ऐकला आहे. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की ऊसतोड हा कुणाच्या घरचा धंदा नव्हे. ऊस शेतकऱ्याचा, साखर कारखान्याची, पैसा मुकादमाच्या हातून, तोही टनावर. आणि नोव्हेंबर ते मार्च या काळाला सुट्टी म्हणता येत नाही.

आई-बापांवर गुन्हे नोंदवा असं मी म्हणत नाही, कुणी तसं म्हटलं तर मी त्याला विरोध करीन. पहिल्या खेपेला आई-बापांना शिक्षा करू नये असं याच कायद्यात लिहिलेलं आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत स्वतःच्या लेकराचं वाटोळं व्हावं असं वाटणारी आई मला भेटली नाही. मुलीला न्यायचं ठरवताना तिने सगळ्या बाजूंनी विचार केलेला असतो. वसतिगृह उघडलेलं नाही, उघडेल की नाही ते कुणी खात्रीने सांगत नाही, सासूला डोळ्यांनी दिसत नाही, दीर वेगळा राहतो. "बाई, हिला मागं कुणाच्या जिवावर ठिवू?" हा प्रश्न मला दर दिवाळीला कुणी ना कुणी विचारला आहे. तुमच्याकडच्या मंजुरीचं पत्र माझ्या हातात नसल्यामुळे मी त्यांना थांबा म्हणू शकले नाही.

मुलांपेक्षा मुलींबद्दल मी जास्त लिहिते आहे, त्याला कारण आहे. मुलगा एक-दोन हंगाम गेला तरी पुन्हा शाळेत आणता येतो. मुलगी बारा-तेराची झाली की वेगळंच चक्र सुरू होतं. टोळी राहते ती कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि ताडपत्री. तिला दार नसतं, कडी नसते, जवळपास संडास नसतो. आई-बाप अंधारात फडात गेलेले आणि वयात आलेली मुलगी कोपीत एकटी. आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. गावात ठेवावं तर तिथेही तोच घोर. मग चौदा-पंधराव्या वर्षी हात पिवळे केले जातात. लग्न झालं की नवं जोडपं तयार, म्हणजे नवा कोयता, म्हणजे नवी उचल, आणि ती आजकाल लाखाच्या घरात असते. एकट्या माणसाचा अर्धा कोयता धरतात, त्याला तेवढी रक्कम मिळत नाही. त्यामुळे लग्नाला पैशाचंही कारण मिळतं. काही लग्नं तर कारखान्याच्या परिसरातच उरकतात. तिथे ना आपला ग्रामसेवक असतो, ना अंगणवाडी ताई, ना पोलीस पाटील. बालविवाह रोखायची कायदेशीर जबाबदारी गावपातळीवर ग्रामसेवकावर आहे, पण गावच फडावर गेलेलं असताना तो कुणाला रोखणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत २० ते २४ वयाच्या किती स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं ते पाहा. राज्याचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास. परभणी ४८ टक्के, बीड जवळपास ४४. ऊसतोड हेच याचं एकमेव कारण आहे असा दावा मी करणार नाही. पण २०१९ मध्ये याच बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि तपासणीत हजारो शस्त्रक्रिया समोर आल्या. एक दिवस पाळी आली म्हणून बसलं तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात, म्हणून पिशवीच काढून टाकलेल्या त्या बाया. त्यांतल्या कितीतरी जणी कधीकाळी बाभळीखाली भाऊ धरून बसलेल्या पाचवी-सहावीतल्या मुली होत्या. बारा वर्षांच्या मुलीला गावात, शाळेत, कडी असलेल्या खोलीत ठेवता आलं, तर तिचं लग्न लांबतं आणि पुढचं बरंच काही टळतं.

आता वसतिगृहाबद्दल, कारण इथेच सगळं अडतं.

चांगलं चाललेलं वसतिगृह मी पाहिलं आहे, चालवायला हातभारही लावला आहे. शाळेचेच दोन वर्ग, रात्री सतरंज्या आणि गोधड्या. स्वयंपाकाला गावातल्याच दोघी. तिथे पहिले दहा-बारा दिवस फार कठीण जातात. लेकरं रात्री रडतात. तिकडून आईचा फोन येतो, इकडे हे हुंदके देतं, तिकडे ती रडते, आणि आठवड्यात बाप मिळेल त्या गाडीने येऊन लेकराला घेऊन जातो. हे दिवस निभावले की मूल रुळतं. म्हणून आई-बाप गावात असतानाच वसतिगृह सुरू व्हायला हवं. आईने स्वतः येऊन स्वयंपाकघर बघावं, झोपायची जागा बघावी, रात्री मुक्कामाला कोण असणार त्या बाईशी दोन शब्द बोलावेत. लेकरानेही आई चार घरं पलीकडे असताना दोन रात्री तिथे काढून पाहाव्यात. टोळी गेल्यावर उघडलेल्या वसतिगृहात यातलं काहीच होत नाही. तिथे आजी-आजोबांकडे आधीच राहिलेली मुलं जेवायला येतात आणि कागदावर पटसंख्या भरते. जी मुलं निघून गेली ती निघून गेलीच.

मुली राहतील की नाही हे फार साध्या गोष्टींवर ठरतं. न्हाणीला दार आणि दाराला आतून कडी आहे का? संडास शाळेच्या मागे अंधारात आहे की दिव्याखाली? रात्री मुक्कामाला बाईमाणूस आहे का, की चौकीदार म्हणून कुणीतरी पुरुष? रात्री ताप भरला तर दवाखान्यात कोण नेणार? हे सगळं ठीक असेल तर आमच्याकडच्या आया मुली ठेवतात. मी ठेवलेल्या पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या दोघी-तिघी आज नर्सिंग करून नोकरीला लागल्या आहेत.

पैशांचंही बोलावं लागेल. एका गावात मुख्याध्यापकांनी हंगामभर किराणा उधारीवर आणून वसतिगृह चालवलं. अनुदान पुढच्या पावसाळ्यापर्यंत आलं नाही. दुकानदार रोज शाळेत येऊन बसायचा, मुलांच्या देखत. पुढच्या वर्षी त्या शाळा व्यवस्थापन समितीने प्रस्तावच दिला नाही, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पहिल्या दोन महिन्यांची रक्कम आगाऊ द्या. कुठेतरी कागदोपत्री वसतिगृहं चालतात हेही खरं आहे आणि त्यामुळे प्रामाणिकपणे चालवणाऱ्यांची बिलं अडवली जातात. त्याला उपाय आहे. रात्री नऊला अचानक जा, मुलं मोजा. मुलांच्या आयांचे फोन नंबर शाळेत असतातच, त्यांतल्या चार जणींना फोन लावून लेकरू कुठे आहे ते विचारा. एवढ्याने खरं-खोटं लगेच कळतं.

संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहं मंजूर झाली, ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२. मला त्या निर्णयाचा खरोखर आनंद झाला होता. पण प्रत्येकी शंभर जागा धरल्या तरी तालुक्याला दोनशेच मुलं मावतात. शिवाय पहिली-दुसरीतलं मूल तालुक्याच्या गावी अनोळखी माणसांत राहू शकत नाही. त्याला आपल्या गावातलीच शाळा हवी, आपल्याच बाईच्या हातचं जेवण हवं. मोठ्या मुलांसाठी तालुक्याची वसतिगृहं आणि लहानांसाठी गावातली हंगामी, अशी दोन्ही चालायला हवीत. एक सुरू झालं म्हणून दुसरं आवरतं घेऊ नका.

आता तान्ह्या लेकरांकडे येते. वसतिगृह वेळेवर उघडलं, कडी बसली, बाई मुक्कामाला आली, तरीही काही घरांतली थोरली मुलगी जाणारच. कारण दीड वर्षाच्या लेकराला आई मागे ठेवू शकत नाही, अंगावर पिणाऱ्याला तर नाहीच. ते फडावर जाणार. त्याची आई कोयता चालवणार. मग त्याला धरणार कोण? ट्रॅक्टर मागे घेताना चाकाखाली आलेली, विहिरीत पडलेली, सापाने डसलेली लेकरं आमच्या गावांनी पाहिली आहेत. म्हणून थोरली जाते. तिला ठेवा म्हणून मी एका आईच्या फार मागे लागले, तेव्हा ती म्हणाली, "बाई, धाकट्याला तुमी धरता का?" त्यानंतर मला बोलता आलं नाही.

पाळणाघर ही काही नवी कल्पना नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका कामाला असलेल्या कारखान्यांवर त्याची जबाबदारी आहे. पण ऊस तोडणारी बाई कारखान्याची कामगार धरली जात नाही म्हणून तिच्या लेकराला ते मिळत नाही. केंद्राच्या मिशन शक्तीत 'पाळणा' नावाची योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देणारी. गाडी सेंटरच्या, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या, टोळ्या हंगामभर कारखान्याजवळ एकाच तळावर असतात, तिथे ती उद्या सुरू करता येईल. डोकी सेंटरच्या, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणाऱ्या, टोळ्या गावोगाव हलतात, तिथे अवघड आहे हे मला मान्य आहे. पण अवघड तळ नंतर घ्या, सोपे आधी घ्या. पाळणाघरात टोळीतल्याच एखाद्या वयस्क बाईला रोज द्या. कोयता झेपत नाही अशा बाया प्रत्येक टोळीत असतात, कुणाची तरी सासू, कुणाची आई. त्यांना दोन पैसे मिळतील, लेकरं ओळखीच्या हाती राहतील, आणि थोरली मुलगी गावात शाळेत असेल.

याची सुरुवात दूर कोल्हापूर-सांगलीपासून करायची गरज नाही. आपल्या आठ जिल्ह्यांतही साखर कारखाने आहेत, लातूर-धाराशिवात तर बरेच. आपल्याच तालुक्यांतली माणसं तिथे तोडणीला असतात. ते कारखाने आपल्या अधिकारक्षेत्रात येतात. यंदा निदान तिथल्या तळांवर पाळणाघरं उघडून दाखवा. मग पश्चिम महाराष्ट्रातल्या जिल्हाधिकाऱ्यांशी आपण अधिकाराने बोलू शकाल. साखर आयुक्तांनाही माझी विनंती आहे. गाळप परवाना दरवर्षी आपल्या सहीने दिला जातो. त्या परवान्याच्या अटींत तळावरचं पाळणाघर, पाणी, संडास आणि टोळीबरोबर आलेल्या मुलांची यादी घाला. यादी दिली नाही तर परवाना थांबवा.

पैसे कुठून आणायचे असं कुणी विचारेल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळप होणाऱ्या प्रत्येक टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असं ठरलेलं आहे. चांगल्या हंगामात राज्यात १० कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांकडून १०० कोटी आणि सरकारकडून १०० कोटी. त्यातला मराठवाड्याच्या वाट्याचा पैसा डिसेंबरऐवजी ऑगस्टमध्ये हलला तरी माझं अर्धं पत्र लिहायची गरज उरत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, त्याचं मी स्वागतच करते. घरात चार पैसे जास्त आले की लेकरू शाळेत टिकायला मदतच होते. पण त्या वेळी सगळीकडे चर्चा चालली ती टनाच्या दराची आणि मुकादमाच्या कमिशनची. टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांबद्दल त्या चर्चेत एक ओळ माझ्या वाचण्यात आली नाही.

मुलांना जिकडे गेली तिकडच्या शाळेत घाला, असंही सांगितलं जातं. शिक्षण हक्क कायदा तसं म्हणतो, स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश देणं तिथल्या स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्यच आहे. तिकडच्या शाळेत दाखवायला आम्ही शिक्षण हमी पत्रकं भरून देतो, मुलं ती दप्तरात जपून नेतात. पण तळ गावाबाहेर दोन-तीन किलोमीटरवर, दर काही आठवड्यांनी फड बदलणार, नव्या शाळेत बाकावर जागा शोधेपर्यंत पुन्हा हलायचं. चिकोडी-बेळगावकडे गेलेल्या टोळीतलं मूल तर कानडी शाळेच्या दारातूनच परत येतं. आधी निदान तळावरच भरणाऱ्या साखरशाळा होत्या. त्यात उणिवा असतील, पण कोपीपासून हाकेच्या अंतरावर फळा होता. शिक्षण हक्क कायद्यानंतर त्या बहुतेक बंद झाल्या आणि त्यांच्या जागी जे यायला हवं होतं ते फडापर्यंत पोचलं नाही. जी मुलं काही केल्या मागे राहू शकत नाहीत त्यांच्यासाठी तळावर शिकवणारी व्यवस्था पुन्हा उभी राहायला हवी. मात्र ती उरलेल्या थोड्या मुलांसाठी. बाकीच्यांना फडावर जावंच लागू नये, यासाठी तर हे पत्र आहे.

करायचं काय ते अगदी ठरावीक आहे. ग्रामसेवकाने ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्रं द्यायची पद्धत २०२१ पासून सुरू झाली आहे. त्या नोंदीला शाळेचा हजेरीपट आणि अंगणवाडीचं रजिस्टर जोडा. कोणत्या कोयत्याबरोबर कोणती मुलं, त्यांची वयं काय, थोरली मुलगी आहे का, तान्हं आहे का, एवढं एका पानावर येतं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती यादी मोठ्याने वाचली जावी. गावची बाल संरक्षण समिती, सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी ताई सगळे तिथेच असतात. मुकादमालाही बोलवा. तो आमच्यातलाच असतो, बहुतेक वेळा त्याने स्वतः कधीकाळी कोयता चालवलेला असतो. उचल बुडेल ही भीती त्याला असते, लेकरू मागे राहिल्याने ती बुडत नाही हे त्याला पटवून देता येतं. मी पटवून दिलेलं आहे. भाद्रपदात मंजुरी आणि आगाऊ रक्कम शाळेच्या खात्यात. घटस्थापनेला वसतिगृहाची चूल पेटलेली. दसऱ्याला आई-बाप निघतील तेव्हा लेकरांना तिथली सवय झालेली असेल.

हंगाम संपतानाचीही एक गोष्ट सांगायची राहिली. कारखान्यांचा पट्टा मार्च-एप्रिलमध्ये पडतो, म्हणजे गाळप थांबतं, पण कधी कधी ऊस जास्त असला की हंगाम मे महिन्यापर्यंत लांबतो. वसतिगृह मात्र ठरल्या तारखेला बंद होतं आणि मुलं पुन्हा फडाकडे रवाना होतात, अगदी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. बंद करायची तारीख गावातली शेवटची टोळी परत येईल तेव्हाची धरा.

यंदाचा हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश आहे. आमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीने ठराव केला आहे. यादीत सध्या पहिली ते आठवीची मुलं आहेत आणि त्यांच्याबरोबर जाऊ शकणारी तान्ही लेकरं वेगळ्या रकान्यात आहेत. स्वयंपाकाला दोघी तयार आहेत, रात्री मुक्कामाला एक आजी तयार आहेत, न्हाणीच्या दाराला कडी गावकऱ्यांनी वर्गणीतून बसवली आहे. ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिला असून पोच घेतली आहे. मंजुरीची तारीख आम्हाला ऑगस्ट संपायच्या आत कळवावी, म्हणजे ज्या घरांनी मुलींना न्यायचं ठरवलं आहे त्यांच्याकडे मी आणि शाळेतल्या बाई पुन्हा एकदा जाऊ शकू.

आपली,
एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षिका
जि. बीड